शेपट्या पाहणाऱ्या बाई

बाईंचं काम असं होतं की कुणाला सांगायला जावं तर ऐकणारा आधी हसायचा, आणि मग बाई हसत नाहीत हे पाहून घसा साफ करायचा. बाई उंदरांच्या शेपट्या पाहायच्या. संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर प्राणिगृह होतं. तिथे पांढऱ्या उंदरांचे पिंजरे मांडणीवर ओळीने लावलेले असत. रोज सकाळी बाई एकेक पिंजरा टेबलावर घेत आणि एकेका उंदराची शेपटी दोन बोटांत धरून उचलत. धडधाकट उंदराची शेपटी बोटाला वेटोळं घालू पाहते, निदान ताठ तरी राहते. आजार सुरू झाला की आधी टोक मलूल पडतं, मग सगळी शेपटी ओल्या सुतळीसारखी लोंबते, मग मागचे पाय डगमगतात आणि शेवटी नुसते मागून फरपटत येतात. त्याचे आकडे ठरलेले होते. शून्य, एक, दोन, तीन. मधले अर्धे आकडे हीच खरी कसोटी, कारण मलूल शेपटी आणि आळशी शेपटी यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, तो बोटांनाच कळतो. संस्थेत बाईंच्या इतका भरवशाचा हात दुसरा नाही, असं सर म्हणत. विद्यार्थी त्यांना पाठीमागे शेपूटबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. आधीच्या विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव याहून वाईट होतं, त्यामुळे त्यांची तक्रार नव्हती.

उंदरांना हा आजार आपोआप होत नसे, तो मुद्दाम दिला जाई. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे अंगाच्या राखणदार. बाहेरून कुणी शिरला की त्याच्यावर तुटून पडायचं, हे त्यांचं काम. पण त्यांतल्या काहींची नजर फिरते आणि त्या आपल्याच नसांवरचं वेष्टण कुरतडू लागतात. वायरीवरचं रबर सोललं की दिवा जसा लुकलुकतो, तसे मग शेपटीला आणि पायांना निरोप धड पोचत नाहीत. सरांनी बाईंना हे समजावताना एकच वाक्य वापरलं होतं.

"कुंपणच शेत खातं, बाई."

बाईंना तेवढ्यात सगळं कळलं होतं. त्यांच्या घरीही तसलंच एक शेत होतं.

बाईंचे यजमान बसचे ड्रायव्हर. गाडी चालवणं सुटून त्यांना पुष्कळ काळ झाला होता आणि आता ते आगारात खिडकीमागे बसून बस सुटण्याच्या वेळा पुकारत, तरी गल्लीत त्यांना ड्रायव्हरच म्हणत. आधी त्यांचा डावा पाय जड झाला. क्लच दाबला की पाय तिथेच राहायचा, वर यायचं विसरायचा. पुढे तपासण्या झाल्या, आजाराला नाव मिळालं, गोळ्या सुरू झाल्या. "काही नाही, क्लच गेलाय," असं ते भेटेल त्याला सांगत. घरी मात्र एकदा म्हणाले होते, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार करायची तर कुणाकडे?"

माणसाचा आजार आणि उंदराचा आजार हे एक नव्हेत. सावत्र भाऊ म्हणावेत इतपतच त्यांचं नातं. उंदीर तर या आजारातून बहुतेक वेळा आपले आपण उठतात. आठवडाभर फरपटतात आणि मग एका सकाळी पाण्याच्या नळीकडे मागच्या पायांवर उभे राहिलेले दिसतात. बाईंनी ही गंमत घरी सांगितली तेव्हा ड्रायव्हर म्हणाले, "मग मला उंदीर करून घ्या म्हणावं तुमच्या सरांना. शेपटी लावायला माझी ना नाही."

त्या दिवसापासून घरात एक रिवाज पडला. संध्याकाळी बाई घरी आल्या, चपला काढल्या, पर्स खुंटीला अडकवली की ड्रायव्हर खुर्चीतून उठत, खिडकीपर्यंत जाऊन परत येत आणि विचारत, "किती?"

"कालच्याइतकंच," बाई म्हणत.

"म्हणजे किती?"

"एक. एकाहून कमीच."

"पास," असं म्हणून ते खाली बसत आणि मग चहा होई. थंडीच्या दिवसांत डॉक्टरांनी एक काठी घ्यायला सांगितली होती. काठी आणलीही होती. पण "एवढ्यात कशाला?" म्हणून बाईंनी ती कपाटाच्या मागे उभी करून ठेवली होती. बाईंचा आकडा एकाच्या खालचा असेपर्यंत काठी बाहेर काढायचं कारणच नव्हतं.

त्याच सुमारास सरांकडे एक नवी संशोधक आली. कामसू, बोलकी, अंगाने बारीक. बाई तिला मनात पोरगी म्हणत आणि तोंडावर "अगं". तिच्या हाती सरांनी लशीचं काम दिलं. पोलिओ-गोवराच्या लशीत जंतू मेलेला किंवा दुबळा करून टोचतात. या लशीत जंतूच नव्हता. आजारी उंदराच्या अंगातल्या त्या बिघडलेल्या पेशीच काढायच्या, काचेच्या भांड्यात वाढवायच्या, चेतवून अगदी चावायच्या तयारीत आणायच्या, आणि मग किरणांनी त्यांचा जोर मोडायचा, म्हणजे त्या जिवंत राहतील पण त्यांची प्रजा वाढणार नाही. त्या निरोगी उंदराला टोचायच्या. उंदराचं अंग त्यांना पाहून घेतं, ओळख धरतं, आणि पुढे त्याच जातीच्या पेशी आतून उठल्या की त्यांना आवरायला शिकतं.

"म्हणजे काट्याने काटा काढायचा," बाई म्हणाल्या होत्या.

"काढायचा नाही, ताई, ओळखीचा करून ठेवायचा," पोरगी म्हणाली. "झोपलेल्या पेशी टोचल्या तर उपयोग होत नाही. चेतवलेल्याच लागतात. चोर झोपेत दाखवला तर कोण ओळखणार?"

बाईंना ती उपमा आवडली. रात्री त्यांनी ती ड्रायव्हरांना सांगितली. ड्रायव्हर ऐकत राहिले, एरवीसारखे हसले नाहीत. मग म्हणाले, "होईल असं?"

"उंदरांत."

"उंदरांतच विचारतोय मी."

पण ते उंदरांपुरतंच विचारत नव्हते, हे दोघांनाही कळत होतं. त्यानंतर "किती?" या प्रश्नाच्या मागे आणखी एक प्रश्न येऊ लागला. "तुमच्या पोरीचं कुठवर आलं?"

कामाची रीत अशी होती. अर्ध्या उंदरांना पेशींची लस, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन्ही पोटात, तीन-तीनदा, टोचणार पोरगी. पिंजऱ्यांना सर आकडे घालणार आणि कुठल्या पिंजऱ्यात काय गेलं तो कागद सरांच्या खणात बंद. सगळ्यांना आजार दिल्यावर शेपट्या पाहायच्या त्या बाईंनी, आणि बाईंना काहीही ठाऊक असता कामा नये. ठाऊक असलं की माणूस नकळत एकाला झुकतं माप देतो. बाईंना हा नियम फार पसंत होता. आपल्याला काही माहीत नाही यात एक प्रकारचा आराम असतो, असं त्यांचं मत होतं. दिवसभरात तेवढाच आराम त्यांच्या वाट्याला येई.

बाईंची उंदीर धरायची एक लकब होती. इतर लोक मानेमागची कातडी चिमटीत धरून उंदीर उचलतात. बाई आपला डावा तळहात त्याच्या पोटाखाली सरकवत आणि त्याला हातावर बसवत, मग उजव्या हाताने शेपटी उचलत. उंदीर असा शांत राहतो आणि शेपटी खरं बोलते, असं त्या म्हणत. या खेपेला पहिल्याच दोन-तीन दिवसांत त्यांच्या तळहाताला काहीतरी निराळं लागलं. काही उंदीर नेहमीसारखे हातावर सैल बसत. काही मात्र पोटाला हात लागला रे लागला की पोट आत ओढून दगडासारखे घट्ट होत. दिलेला आजार तर अजून कुणातच उतरला नव्हता. बाईंनी त्याचा फार विचार केला नाही. उंदरांचेही स्वभाव असतात.

मग एका दुपारी त्या फ्रिजमधून दुसऱ्या प्रयोगातल्या आजारी उंदरांसाठी भिजवलेलं खाणं काढायला गेल्या. पोरगी तिथेच उभी राहून पुढच्या तुकडीची तयारी करत होती. तिने फ्रिजमधून मिठाच्या पाण्याची बाटली काढली आणि जागा नव्हती म्हणून क्षणभर बाईंच्या हातात दिली. बाटली गार ठण्ण होती. बोटं बधिर व्हावीत इतकी.

"हे असंच टोचतेस?" बाईंनी विचारलं.

"हो. बाहेर ठेवलं तर खराब होतं ना. का?"

"काही नाही. आणि त्या पेशी?"

"त्यांचं नका विचारू. त्यांना गारठा चालत नाही. मी नळी मुठीत धरून आणते जिना उतरून. लहान मुलासारखं." पोरगी हसली. "सरांना आवडलं ते. म्हणाले, अशी काळजी घेणारं माणूस हवं."

बाईंनी खाण्याचं भांडं उचललं आणि त्या परत आल्या. पिंजऱ्यासमोर बसल्या. ज्यांच्या पोटात तीनदा बर्फासारखं पाणी गेलं होतं, ते पोटाला हात लागताच आक्रसत होते. ज्यांना ऊबदार पेशी मिळाल्या होत्या, ते सैल बसत होते. सरांचा कागद खणात बंद होता आणि त्यातलं सगळं बाईंच्या डाव्या तळहातावर आलं होतं. त्यांनी ते मागितलं नव्हतं, आणि आता परतही करता येत नव्हतं.

त्यांनी मानेची कातडी धरून उंदीर उचलून पाहिला. हात अवघडला, उंदीर कुरकुरला, आणि शिवाय बहुतेक आता तोंडपाठ झाले होते. याचा कान जरा दुमडलेला, त्याच्या मिशा एका बाजूला आखूड. शाळेत पहिल्या आठवड्यात सगळ्या वर्गाची नावं पाठ झालेल्या मास्तराने मग डोळे मिटून काय उपयोग?

आजार आला. घट्ट पोटाच्यांच्या शेपट्या एकेक करून लोंबू लागल्या. सैल पोटाच्यांच्या टिकून होत्या. बाईंना आनंद झाला, आणि आनंद झाला याचीच त्यांना धास्ती वाटली. त्या आकडे देत राहिल्या. सांगावं असं वाटे, पण सांगून काय होणार तेही दिसत होतं. पोरगीचं वर्ष वाया जाईल. सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि 'कुठवर आलं?' असं विचारणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

मग तो दुमडलेल्या कानाचा उंदीर हातावर आला. सैल पोटाचा. त्याची शेपटी उचलली तर टोक वळलं नाही. बाईंनी पुन्हा उचलली. टोक वळल्यासारखं झालं, किंवा झालंही नाही. दुसऱ्या वेळी हा उंदीर असता तर बाईंनी अर्धा लिहून पुढचा घेतला असता. आता त्या त्याला हातावर घेऊन बराच वेळ बसल्या, त्याला थोडं चालू दिलं, त्याची आणखी एकदा परीक्षा घेतली, आणि शून्य लिहिलं. मग घट्ट पोटाचा एक आला. त्याचंही टोक तसंच होतं. तिथे त्यांनी अर्धा लिहिला, आणि पुन्हा पाहायची तसदी घेतली नाही. हे त्यांच्या ध्यानात आलं ते हात धुताना.

त्या संध्याकाळी ड्रायव्हर खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, आणि परत येताना त्यांच्या डाव्या पायाचं पाऊल सतरंजीच्या काठाला अडकलं. त्यांनी टेबल धरून तोल सावरला.

"किती?"

"कालच्याइतकंच," बाई म्हणाल्या.

ड्रायव्हर टेबलाला धरूनच उभे राहिले. "तू रोज हेच सांगतेस. उंदरांनाही असंच सांगतेस काय गं? उंदराला मांजर साक्ष म्हणतात, तसलाच प्रकार दिसतोय हा."

ते थट्टेनेच बोलले होते. बाई हसल्यासुद्धा. पण भाजी चिरताना त्यांचा हात दोनदा थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या प्राणिगृहात न जाता थेट सरांच्या खोलीत गेल्या. पोरगी तिथेच होती. बाईंना वाटलं होतं, आधी सरांना एकट्यांना गाठावं. पण पाऊल आत पडलं होतं.

"सर, या तुकडीच्या शेपट्या मला पाहता येणार नाहीत."

"का? बरं नाही?"

"मला कळलंय कोणाला काय दिलंय ते."

पोरगी म्हणाली, "कसं कळेल? कागद सरांकडे आहे."

बाईंनी पोटाचं सांगितलं. मग गार पाण्याचं आणि मुठीतल्या नळीचं. दुमडलेल्या कानाच्या उंदराचं सांगायची वेळ आली तेव्हा त्या पोरीकडे न बघता खिडकीकडे बघून बोलल्या. "त्याला मी शून्य दिलं. तो शून्याचा नव्हता. आणि हे मला चार दिवसांपासून कळलंय. मी गप्प बसले."

सर दमलेले दिसले, आणि ते दमणं आजचं नव्हतं. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "लिहा पाहू. पिंजरा आणि तुम्हाला काय वाटतं ते." बाईंनी लिहिलं. सरांनी खण उघडला, आपल्या कागदाशी ताडून पाहिलं आणि खण लावला. "एक चुकलाय," ते म्हणाले. "एकच."

"टोचणं मी पाहिलं होतं," ते थोड्या वेळाने पोरीला म्हणाले. "एकदा नाही, दोनदा. मीही ती बाटली पाहिली. माझ्या डोक्यात आलं नाही."

पोरीचे डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही. जिन्यात तिने बाईंना गाठलं. "ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर काय बिघडलं असतं? आकडे चांगलेच येत होते."

"म्हणूनच तर," बाई म्हणाल्या.

"माझे कितीतरी महिने गेलेत यात."

"माहितेय गं."

"तुम्हाला काय माहीत?"

ड्रायव्हरांचं बाईंनी संस्थेत कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा जिन्यात ते सांगून पोरीची सहानुभूती मिळवणं त्यांना बरं वाटेना.

पण पोरगी खरंच कामाची होती. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ठरवून आली. मिठाचं पाणी आता पेशींच्याच बरोबर, त्याच मुठीतून, त्याच उबेने येणार. नळ्या दिसायला सारख्या, आणि आपण काय टोचतोय हे तिला स्वतःलाही कळणार नाही, सर भरून देणार. आणि शेपट्या पाहायला असा माणूस हवा, की ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही.

"असा कोण?" सरांनी विचारलं.

"ग्रंथपाल," पोरगी म्हणाली.

संस्थेचे ग्रंथपाल गेली कितीतरी वर्षं दुसऱ्या मजल्यावरून खाली आले नव्हते. निवृत्तीला टेकलेले, कमालीचे व्यवस्थित, आणि उंदरांना घाबरणारे. उंदीर पुस्तकं खातात एवढीच त्यांची उंदरांशी ओळख. सरांनी विनंती केली आणि ते नाही म्हणू शकले नाहीत. त्यांना शिकवायचं काम बाईंकडे आलं, प्रयोगाबाहेरच्या उंदरांवर.

"हा चावतो?" ग्रंथपालांनी विचारलं.

"नाही हो. तुम्ही घाबरलात तर तो घाबरतो."

"मी घाबरलेलोच आहे. त्याला तसं सांगून ठेवा."

"हात असा पोटाखाली सरकवा. दाबू नका, दादा. तो पुस्तक नाही."

"पुस्तकाला मी कधीच दाबत नाही, बाई." ते दुखावले होते. "आणि झाल्यावर परत जागेवर ठेवायचा ना?"

"त्याच पिंजऱ्यात."

"ते मला येतं," ग्रंथपाल म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा धीर दिसला.

बोटांना शिकवणं सोपं नसतं. बाई एक शेपटी त्यांच्या हातात देत आणि काही बोलत नसत. ते आकडा सांगत. मग बाई दुसरी देत. "ही आळशी आहे, ही मलूल आहे, पुन्हा धरा," असं कितीदा तरी. ग्रंथपाल चष्मा कपाळावर चढवून डोळे मिटून शेपटी धरू लागले तेव्हा बाईंना कळलं, आता हा माणूस तयार झाला. त्यानंतर त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

पेशी पुन्हा वाढवायच्या, पुन्हा चेतवायच्या, पुन्हा टोचायच्या. हे सगळं व्हायला ऋतू उलटला. त्या दिवसांत बाई प्राणिगृहाच्या बाहेरच्या पडवीत बसून पाण्याच्या बाटल्या धूत. खरं तर ते त्यांचं काम नव्हतं. पण बंद दाराआडून ग्रंथपालांचा आवाज ऐकू येई, वाचनालयात कुणाला दटावावं तसा हळू आणि स्पष्ट. "एक. अर्धा. शून्य. याला पुन्हा बघतो. एक." कुठल्या पिंजऱ्याचा आकडा ते कळत नसे. बाई नळ सोडत, म्हणजे आवाज येणार नाही. मग नळ बंद करत.

घरी ड्रायव्हर विचारत, "कुठवर आलं?"

"मला ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणजे? तुझंच तर खातं."

"आता माझं नाही. वाचनालयाकडे गेलंय."

"मग उशीर होणार," ते म्हणाले. "तिथून काही लवकर परत येत नाही."

'किती?' हा प्रश्न मात्र त्यांनी मधे पुष्कळ दिवस विचारला नाही. आणि बाईंनीही आपण होऊन सांगितलं नाही. ते भिंतीच्या कडेने चालू लागले होते. सतरंजी एके दिवशी त्यांनीच गुंडाळून पलंगाखाली सारली.

सरांनी खण उघडला त्या दिवशी खोलीत ते, पोरगी, ग्रंथपाल आणि बाई एवढेच होते. पोरगी मोठ्याने जुळवत गेली. लस मिळालेल्यांपैकी बहुतेकांची शेपटी जेमतेम मलूल झाली होती, काहींची तीही नाही. दोन मात्र बाकीच्यांसारखेच पार फरपटले होते. त्यांना लशीने काहीच केलं नव्हतं. मिठाच्या पाण्याचे जवळजवळ सगळे पडले होते. फरक होता आणि तो धडधडीत होता.

पोरीने मग आधीच्या तुकडीचे जुने आकडे शेजारी ठेवले. बाईंचे. ती बघत राहिली आणि शेवटी हसली, पण हसण्यात जीव नव्हता. "तेच आलं. जवळजवळ तेच. ताई, तुम्ही तेव्हाही बरोबरच होता."

"एका उंदरात नव्हते," बाई म्हणाल्या.

"एका उंदरासाठी एवढे महिने."

"तो एकच होता की आणखी होते, हे मला कुठे माहीत होतं?"

सर म्हणाले, "आता मला कुणी विचारलं तर मी मान वर करून सांगेन. तेव्हा सांगता आलं नसतं." मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "पण हे उंदरांत आहे, बरं का. यापुढे फार मोठा रस्ता आहे. कदाचित तो माझ्या खोलीतून जाणारही नाही."

हे ते पोरीला सांगत होते. बाईंनी ते आपल्यासाठी ऐकून घेतलं. ग्रंथपालांनी बाईंना बाजूला घेऊन विचारलं, ते दोघे जे फरपटले होते ते आता बरे आहेत ना. बाईंनी सांगितलं, कालपासून पाण्याच्या नळीकडे उभे राहतात. "छान," ग्रंथपाल म्हणाले, आणि दुसऱ्या मजल्यावर परत गेले.

बाई घरी आल्या, चपला काढल्या, पर्स खुंटीला अडकवली.

"झालं," त्या म्हणाल्या. "लस लागू पडते. उंदरांना. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना."

ड्रायव्हर खुर्चीत ताठ बसले. "बघ. मी म्हणत होतो." मग थोडं थांबून, "उंदरांचं झालं. नवऱ्यांचं कधी?"

"सरांना माहीत नाही. मलाही नाही. आपल्या वेळेत होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही."

एवढं सरळ बाई कधी बोलल्या नव्हत्या. ड्रायव्हरांनी खाली पायाकडे पाहिलं. मग खुर्चीच्या हातांवर भार देऊन ते उठले. "बरं. मग माझी शेपटी बघ."

ते खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. बाई दाराशी उभ्या राहून, हातात काहीही न घेता, नुसत्या बघत राहिल्या. डाव्या पायाचं पाऊल उचलत नव्हतं, कमरेतून अख्खा पाय पुढे टाकला जात होता, आणि वळताना ते खिडकीच्या गजाला धरत होते. हे असं किती दिवसांचं आहे, तेही त्यांना दिसलं. डोळ्यांना ते कधीपासून दिसत होतं.

"किती?"

"दोन," बाई म्हणाल्या. "आजचे नाहीत. थंडीपासूनच दोन आहेत. मी तुम्हाला एकच सांगत आले."

ड्रायव्हर हळूच खुर्चीत बसले. रागावलेले दिसले नाहीत. खांदे सैल सोडल्यासारखे दिसले. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "पाय माझाच आहे ना."

"मग रोज विचारत कशाला होता?"

"तू काय सांगतेस ते बघत होतो."

बाई आतल्या खोलीत गेल्या, कपाटाच्या मागे हात घालून काठी ओढून काढली, तिच्यावरची धूळ पदराने पुसली आणि आणून खुर्चीला टेकवून ठेवली. ड्रायव्हरांनी ती हातात घेऊन खालचं रबर दाबून पाहिलं, नव्या गाडीचं टायर दाबून पाहावं तसं. मग उठून दोन पावलं टाकली.

"उंच आहे जरा."

"कापून घेऊ थोडी."

"उद्या आगारात नेतो. तिथे करवत आहे." त्यांनी आणखी दोन पावलं टाकली. "आणि आता तू मला आकडे द्यायचे नाहीस. तुझा भरवसा नाही. त्या लायब्ररीवाल्यांना चहाला बोलाव एकदा."

"ते येतील," बाई म्हणाल्या. "पण झाल्यावर ते तुम्हाला जागेवर ठेवून जातील."

"मग बरंच आहे की," ड्रायव्हर म्हणाले, आणि काठी टेकत चहा ठेवायला आपणच आत गेले.